पाव मिलिमीटरचा पडदा

डोळ्यांच्या दवाखान्यातून मिळालेला कागद घरात कुणी वाचत नाही. तो रेशन कार्डाच्या झेरॉक्सशेजारी, विजेच्या बिलांच्या वर, प्लास्टिकच्या फाइलमध्ये जातो आणि पुढच्या तारखेलाच बाहेर येतो. समजा, विक्रोळीच्या कन्नमवार नगरातले एक आजोबा आहेत. उभी नोकरी गोदरेजच्या टूलरूममध्ये गेली. आता सत्तरी उलटली आहे, डाव्या डोळ्याने पेपर वाचताना मधलीच अक्षरं पुसल्यासारखी होतात. घरच्यांचं निदान तयार आहे: मोतीबिंदू असणार, पिकू दे, मग काढू. कागदावर मात्र असं काहीतरी लिहिलेलं आहे: ओडी ६/१२, ओएस ६/३६, पीएच एनआय. दोन्हीकडे एनएस वन. आयओपी १४ आणि १६. सीडीआर ०.३. ओएस: सॉफ्ट ड्रुसेन, एसआरएफ, सीएनव्हीएमची शंका. ओसीटी करणे.

हा कागद घरच्यांचं निदान खोडून काढतो आहे. डावा डोळा मोतीबिंदूने अधू झालेला नाही, आणि पिकण्याची वाट पाहण्याइतका वेळ हातात नाही. पण हे कळायला ती अक्षरं फोडावी लागतात. ती फोडायला बसलं की प्रत्येक अक्षरामागे एकेक अचाट गोष्ट निघते, म्हणून हा खटाटोप.

सुरुवात सोपी. ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस म्हणजे डावा. लॅटिनमधली जुनी लघुरूपं आहेत, सोडून द्या. ६/३६ म्हणजे धडधाकट डोळ्याला जे अक्षर छत्तीस मीटरवरून ओळखता येतं, ते वाचायला या डोळ्याला सहा मीटरवर यावं लागतं. हर्मन स्नेलन नावाच्या डच डॉक्टरने १८६२ साली तो तक्ता बनवला. आजही दवाखान्याच्या भिंतीवर त्याचेच वंशज लटकलेले असतात.

‘पीएच एनआय’ ही चार अक्षरं मात्र लाखमोलाची. पिनहोल, सुधारणा नाही. डोळ्यापुढे बारीक भोकाची चकती धरतात आणि पुन्हा अक्षरं वाचायला सांगतात. घरी करून पाहा: जाडसर कागदाला सुईने भोक पाडा, चाळिशी काढून ठेवा आणि भरपूर उजेडात त्या भोकातून वर्तमानपत्र पाहा. अक्षरं ठळक दिसतील. भोकातून किरणांची फक्त बारीकशी सळई आत शिरते, इकडेतिकडे पसरलेले किरण अडतात, त्यामुळे भिंगाने ते नीट गोळा केले काय नि नाही केले काय, फारसा फरक पडत नाही. म्हणजे भोकातून नजर सुधारली तर दोष चष्म्याच्या नंबरचा. नाही सुधारली तर गडबड आत कुठेतरी आहे. कागदाच्या तुकड्याने एवढं मोठं वर्गीकरण होतं, यावर माझा तरी पहिल्यांदा विश्वास बसला नव्हता.

आता ‘एनएस’. डोळ्यातल्या भिंगाचा गाभा वयाबरोबर घट्ट आणि पिवळसर होतो, त्याची ही पायरी. पायरी एक म्हणजे मोतीबिंदूची जेमतेम सुरुवात. त्याऐवजी ‘पीएससी’ लिहिलेलं असतं तर भिंगाच्या मागच्या बाजूला थर धरलाय असं समजायचं. तो माणूस घरात ठीक असतो आणि दुपारच्या उन्हात हायवेच्या कडेला चाचपडतो.

भिंग ही शरीरातली विलक्षण चीज आहे. त्वचा झडते, केस गळतात, रक्त बदलत राहतं. भिंग मात्र काहीच टाकत नाही. आयुष्यभर बाहेरून थर चढत जातात आणि गाभ्यातली प्रथिनं जन्माच्या आसपास बनली तीच शेवटपर्यंत राहतात. डेन्मार्कच्या संशोधकांनी २००८ साली याचा सुरेख पुरावा दिला. पन्नास-साठच्या दशकांत जमिनीवर इतक्या अणुचाचण्या झाल्या की हवेतला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला आणि अन्नातून सगळ्यांच्या अंगात गेला. त्यांनी मृतांच्या भिंगांच्या गाभ्यातला कार्बन-१४ मोजला आणि त्यावरून जन्मसाल काढता येतं हे दाखवलं. मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार १९६३ मध्ये पदावर असताना गेले, त्यांचंच नाव या वसाहतीला आहे. त्या सुमारास जन्मलेली माणसं आज साठी ओलांडून मोतीबिंदूच्या वयात आली आहेत, आणि त्यांच्या भिंगांच्या गाभ्यात तो अणुचाचण्यांचा काळ अजून जसाच्या तसा बसलेला आहे.

इतकी वर्षं न बदललेली प्रथिनं शेवटी एकमेकांना चिकटतात, उजेड विखुरतो, आणि त्याला आपण मोतीबिंदू म्हणतो. घरच्यांनी आधी त्याचंच नाव घेतलं यात त्यांचं फारसं चुकत नाही. २०१५ ते २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूचं निघालं. जे. जे. रुग्णालयात असताना डॉ. तात्याराव लहाने घरोघरी माहीत झाले तेही याच शस्त्रक्रियांमुळे. चुकतं ते ‘पिकू दे’ म्हणण्यात. पूर्वी अख्खं भिंग काढत आणि माणसाला जाड काचांचा चष्मा लावत. तेव्हा नजर पार जाईपर्यंत थांबणं शहाणपणाचं होतं. मग लंडनला हॅरॉल्ड रिडली या डोळ्यांच्या डॉक्टरांना दिसलं की दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या छताच्या ठिकऱ्या वैमानिकांच्या डोळ्यांत घुसल्या, तरी त्या ॲक्रिलिकला डोळा जुमानत नाही. १९४९ साली त्यांनी त्याच जातीच्या प्लास्टिकचं भिंग माणसाच्या डोळ्यात बसवलं. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स केलमन यांनी अल्ट्रासाउंडने भिंग फोडून शोषून घ्यायची रीत आणली. कल्पना सुचली दंतवैद्याच्या खुर्चीत, दात साफ करणारं यंत्र तोंडात चालू असताना. या रीतीत फार पिकलेला, टणक मोतीबिंदू उलट त्रासदायक, फोडायला जास्त ऊर्जा लागते. वाक्प्रचार जुन्या शस्त्रक्रियेचा राहिला आणि शस्त्रक्रिया बदलून गेली.

आयओपी आणि सीडीआर हे दोन आकडे काचबिंदूचे पहारेकरी. पहिला डोळ्यातला दाब. साधारण १० ते २१ मध्ये असावा. दुसरा, डोळ्याच्या मागून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या तोंडाशी जो खळगा असतो, तो त्या तोंडाच्या मानाने केवढा आहे ते सांगतो. नसेतले दहा-बारा लाख तंतू जसजसे मरतात तसतसा खळगा रुंदावतो. काचबिंदू नजर कडेकडेने खातो, दुखत नाही, आणि गेलेलं परत येत नाही. दाब ठीक असूनही नस सुकू शकते, म्हणून दोन्ही आकडे लागतात. आजोबांचे दोन्ही बरे आहेत. पुढे जाऊ.

खरी कथा पडद्यात आहे. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला रेटिना नावाचा पडदा अंथरलेला असतो आणि त्याच्या मधोमध जेमतेम साडेपाच मिलिमीटरचा पिवळसर भाग असतो. तो मॅक्युला, मराठी पुस्तकांतला पीतबिंदू. (मोतीबिंदू, काचबिंदू हे रोग, पीतबिंदू हा रोग नाही, प्रत्येकाच्या डोळ्यातली जागा आहे. यावरून दवाखान्यात भरपूर गोंधळ होतो.) त्याच्याही मध्यावर एक खळगी. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरून कोण येतंय ते ओळखणं, बसचा नंबर पाहणं, हे सगळं या मधल्या ठिपक्याच्या जिवावर. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहा: त्या नखाएवढंच जग एका वेळी आपल्याला खरोखर स्पष्ट दिसत असतं. बाकीचं मेंदू जुळवून घेतो आणि आपल्याला वाटतं, सगळं लख्ख दिसतंय.

इतकं बारीक दिसावं म्हणून त्या ठिपक्याने एक जोखीम पत्करली आहे. तिथे रक्तवाहिन्या नाहीत. असत्या तर त्यांची सावली पडली असती. म्हणजे शरीरातल्या सर्वांत खादाड पेशींपैकी काही जिथे दाटीवाटीने उभ्या आहेत, तिथेच रक्त पोचवायला गल्ली नाही. पुरवठा होतो तो मागून. पडद्याच्या मागे कोरॉइड नावाचं रक्तवाहिन्यांचं दाट जाळं आहे. तिथून एक पातळ पटल ओलांडून, आणि मग आरपीई नावाच्या पेशींचा एकच एक थर ओलांडून, प्राणवायू आणि अन्न पुढे येतं. कचरा त्याच वाटेने उलटा जातो.

आरपीईचं काम पाहिलं की थक्क व्हायला होतं. प्रकाश टिपणाऱ्या पेशींची टोकं रोज झिजतात. दांड्याच्या आकाराच्या पेशी तर रोज सकाळी, उजेड झाल्यावर थोड्याच वेळात, टोकाचा एक तुकडा टाकून देतात, आणि दहाएक दिवसांत ते टोक संपूर्ण नवं झालेलं असतं. टाकलेले तुकडे आरपीईची पेशी गिळते आणि पचवते. एकेका पेशीवर दोन-तीन डझन टोकांची जबाबदारी. सुट्टी नाही, बदली कामगार नाही, कारण या पेशी मोठेपणी सहसा नव्याने तयार होत नाहीत. कन्नमवार नगर आणि टागोर नगरच्या लोकांना हे वेगळं समजावायला नको. सकाळी कचऱ्याची गाडी येते तोवर सगळं सुरळीत असतं. पण उचललेला कचरा शेवटी कुठेतरी साठतोच, आणि कांजूरच्या डम्पिंगचा वास वारा फिरला की त्यांच्याच खिडकीत येतो. पडद्यामागेही तेच. सत्तर वर्षं दररोज कचरा उचलणाऱ्या पेशी थकतात, अर्धवट पचलेली चरबी आणि प्रथिनं त्यांच्या पायाशी, त्या पातळ पटलावर, साचायला लागतात. डॉक्टर दिवा लावून पाहतात तेव्हा ती पिवळसर ठिपक्यांसारखी दिसतात. हेच ड्रुसेन.

पन्नाशीनंतर एखाददुसरा बारीक, कडक ड्रुसेन बहुतेकांत सापडतो. त्याने झोप उडवून घेऊ नये. चिंतेचे ते मोठे, मऊ, कडा पुसट असलेले. मोठे म्हणजे सव्वाशे मायक्रॉनहून जास्त, मिलिमीटरचा आठवा भाग. टूलरूममध्ये मायक्रोमीटर हाताळलेल्या आजोबांना हा आकडा आपल्यापेक्षा चांगला कळेल. एवढ्या ढिगाऱ्याने मागची वाट अडते, पुढचा पुरवठा घटतो. याला म्हणतात एआरएमडी, वयोमानाने होणारी मॅक्युलाची झीज. बहुतेकांत ती कोरडी राहते, वर्षानुवर्षं हळूहळू सरकते. काहींत त्या पेशी ठिकठिकाणी मरून जातात आणि नकाशावरच्या बेटांसारखे स्पष्ट कडांचे पट्टे उरतात. कागदावर ‘जीए’ असं येतं.

आणि काहींत गोष्ट एकदम वळण घेते. उपाशी पडलेल्या पेशी मदतीची हाक देतात. ती हाक रासायनिक असते: व्हीईजीएफ नावाचं प्रथिन, नव्या रक्तवाहिन्या वाढा असा निरोप. जखम भरताना हाच निरोप जीव वाचवतो. इथे मात्र मागच्या जाळ्यातून नव्या, कच्च्या वाहिन्या पटल फोडून पुढे घुसतात आणि पाझरायला लागतात. हे सीएनव्हीएम. पाझरलेलं पाणी पडद्याखाली साचतं, ते एसआरएफ. डॉक्टर घरच्यांना म्हणतात, ‘पडद्यामागे पाणी झालंय.’ कोरड्याचा असा ओला रोग झाला की वर्षांचा हिशोब संपून आठवड्यांचा सुरू होतो.

आता पडदा पाण्याने उचलला गेला, तर त्यावर पडणारी सरळ रेघ सरळ राहीलच कशी? ती वाकते. स्वित्झर्लंडच्या मार्क आम्सलर यांनी चाळीसच्या दशकात चौकटींचा एक तक्ता केला तो याचसाठी. तक्ता नसला तरी म्हाडाच्या जुन्या बिल्डिंगीत सरळ रेघांना तोटा नाही: खिडकीचे गज, लाद्यांच्या फटी, दाराची चौकट. वाचायचा चष्मा लावून जवळच्या रेघा आणि नेहमीच्या चष्म्याने लांबच्या रेघा पाहायच्या, एक डोळा झाकून, मग दुसरा. एकेकाच डोळ्याने, हे फार महत्त्वाचं. दोन्ही उघडे असतील तर चांगला डोळा वाईटाची चूक झाकून टाकतो आणि माणूस महिनोन्महिने बेखबर राहतो. गज मध्येच बाकलेला दिसला किंवा लाद्यांच्या मधोमध डाग आला, तर पुढच्या महिन्यातल्या कॅम्पची वाट पाहू नये, त्याच आठवड्यात पडद्याचे डॉक्टर गाठावेत.

ते ओसीटी करायला पाठवतात. हनुवटी टेकवा, हिरव्या खुणेकडे बघा, डोळा मिटू नका, झालं. सुई नाही, एक्स-रे नाही. आणि बाहेर येतो पडद्याचा उभा छेद, थरावर थर. सोनोग्राफीत आवाजाचा प्रतिध्वनी मोजतात, इथे उजेडाचा. अडचण अशी की दहा मायक्रॉन कापायला उजेडाला सेकंदाचा सुमारे तीस लाख कोटीवा भाग लागतो. तेवढं मोजणारं घड्याळ यंत्रात बसवता येत नाही. म्हणून किरणाचे दोन भाग करतात, एक डोळ्यात आणि एक आरशावर पाठवतात, आणि परत आल्यावर त्यांच्या लाटा एकमेकींवर कशा जुळतात त्यावरून खोली ओळखतात. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या गटाने, डेव्हिड हुआंग आणि सहकाऱ्यांनी, हे पहिल्यांदा करून दाखवलं. आज यंत्राला पाच मायक्रॉनच्या आसपासचा फरक दिसतो. छापील कागदावर ‘सीएसटी’ म्हणून आकडा असतो: पडद्याच्या मध्यभागाची जाडी. निरोगी डोळ्यात ती साधारण पाव मिलिमीटर. यंत्रागणिक थोडी मागेपुढे. जिवंत माणसाच्या डोळ्यातला पाव मिलिमीटरचा पडदा, न कापता, थर मोजून! चित्रात पडद्याखाली काळी पोकळी दिसली तर तेच ते पाणी.

उपाय ऐकून बहुतेक जण खुर्चीतच घट्ट होतात: डोळ्यात इंजेक्शन. वाटतं तितकं भयंकर नसतं. थेंबांनी डोळा बधिर करतात, आयोडीनने धुतात, आणि बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर पांढऱ्या भागातून केसासारख्या सुईने औषध सोडतात. किती? ०.०५ मिलिलिटर, एखाद्या थेंबाएवढं. औषधाचं काम एकच: ती व्हीईजीएफची हाक मध्येच गिळून टाकणं. याची मुळं कर्करोगात आहेत. गाठी वाढायला नव्या रक्तवाहिन्या लागतात, त्या तोडा, असं जुडा फोकमन १९७१ पासून सांगत होते. १९८९ मध्ये नेपोलिऑन फेरारा आणि सहकाऱ्यांनी व्हीईजीएफ वेगळं काढलं. आतड्याच्या कर्करोगासाठी आलेलं बेव्हॅसिझुमॅब २००५ साली मायामीच्या फिलिप रोझेनफेल्ड यांनी अगदी अल्प प्रमाणात डोळ्यात वापरलं, आणि पाणी ओसरलं. खास डोळ्यासाठी बनवलेलं रॅनिबिझुमॅब २००६ मध्ये बाजारात आलं, कितीतरी पट महाग. २०११ साली दोघांची समोरासमोर तुलना झाली तेव्हा नजरेचा फायदा जवळजवळ सारखाच निघाला. रॅनिबिझुमॅबची पहिली बायोसिमिलर आवृत्ती २०१५ मध्ये अहमदाबादच्या इंटासने काढली; आपल्याकडच्या रुग्णाला ‘कोणतं परवडेल’ असा पर्याय मिळतो तो या सगळ्या खटपटीमुळे.

पण हा एका फेरीत संपणारा सौदा नाही. सुरुवातीला महिन्याला एक अशी साधारण तीन, मग पडदा कोरडा राहील तशी अंतरं वाढवत जायची. प्रत्येक वेळी औषधाने बाहुली मोठी केलेली, उजेड सहन न होणारा, पट्टी लावलेला म्हातारा माणूस, आणि त्याला रिक्षातून नेण्या-आणण्यासाठी सुट्टी घेणारं कुणीतरी. माझ्या मते उपचार सुटतो तो सुईच्या भीतीपेक्षा या सोबतीच्या अडचणीने. शेजारपाजार जिवंत असलेल्या चाळवजा वस्तीत हे काम वाटून घेता येतं, फ्लॅटमध्ये अवघड.

गोळ्यांबद्दल दोन वाक्यं, कारण दुकानदार आग्रहाने देतात. जीवनसत्त्व क आणि ई, जस्त, तांबं, ल्युटिन, झिॲझँथिन यांचं ठरावीक मिश्रण मध्यम टप्प्यावरच्या रुग्णांत रोग पुढे सरकण्याचा धोका साधारण पावपट कमी करतं, असं अमेरिकेतल्या ‘एरेड्स’ या मोठ्या अभ्यासांनी २००१ आणि २०१३ मध्ये दाखवलं. निरोगी डोळ्यांना त्याने संरक्षण मिळतं असं दिसलेलं नाही. पालक-मेथी खाण्याला अर्थातच कुणाची हरकत नाही, पीतबिंदूचा पिवळेपणा अशा भाजीतूनच येतो. आणि बिडी-सिगारेट आधी सोडा.

कोरड्या रोगाने मेलेला पट्टा अजून कुणाला जिवंत करता आलेला नाही. पण २०२५ च्या ऑक्टोबरात युरोपातल्या एका चाचणीचे निकाल आले. दोन मिलिमीटर लांब-रुंद आणि तीस मायक्रॉन जाड अशी चिप मेलेल्या पट्ट्याखाली सरकवली. खास चष्म्यातला कॅमेरा दृश्य अवरक्त किरणांनी तिच्यावर टाकतो. ३८ जणांना ती बसवली. वर्षभर पाठपुरावा झालेल्या ३२ पैकी २६ जणांची नजर मोजण्याइतकी सुधारली, काही जण पुन्हा अक्षरं वाचू लागले. चिपवर उजेड टिपणारे ठिपके किती? ३७८.

शेवटी एक संज्ञा अशी, जी कागदावर क्वचितच असते, कारण रुग्ण ती गोष्ट सांगतच नाहीत. मधली नजर गेलेल्या आजीला भरदुपारी खोलीत फेटे बांधलेली माणसं दिसतात. किंवा बारकी पोरं, पक्षी, भिंतीवर नक्षी. आवाज काही नाही. ती खरी नाहीत हे तिला पक्कं ठाऊक असतं, पण बोलायची सोय नाही: एकजण म्हणेल वेड लागलं, दुसरा म्हणेल बाहेरचं काहीतरी आहे, लिंबू उतरवा. याचं नाव चार्ल्स बॉने सिंड्रोम. स्विस निसर्गअभ्यासक बॉने यांनी १७६० साली आपल्या आजोबांची हकिगत लिहून ठेवली. मोतीबिंदूने दृष्टी अंधुक झालेल्या त्या म्हाताऱ्याला माणसं, पक्षी, गाड्या दिसत आणि डोकं एकदम ठिकाणावर होतं. डोळ्याकडून मजकूर येईनासा झाला की मेंदूचा पाहणारा भाग स्वतःच चित्रं काढू लागतो, एवढंच. आजीने डॉक्टरांना सांगितलं तर ते कागदावर ‘सीबीएस’ लिहितील आणि बहुधा औषध देणार नाहीत. दिवा लावा, डोळे दोन-चारदा डावीकडून उजवीकडे फिरवा, असं सांगतील. बऱ्याचदा माणसं तेवढ्यानेच निघून जातात.